पंधरा, पंधराच, पंधरा तरी

जन्माला यायचं बाळ जगेल की नाही, याचं उत्तर आता जन्माआधी तीन-चार महिने टक्क्यांत मिळू शकतं. ते उत्तर कसं काढतात हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्यावर जगभर उत्तम काम झालं आहे. मला पडलेला प्रश्न त्यापुढचा आहे. असा आकडा आईबापांसमोर ठेवला जातो तेव्हा तो नेमका कोणाविषयी बोलत असतो? आणि तो उच्चारणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते?

ज्या आजारामुळे मी या प्रश्नात शिरलो त्याला जन्मजात डायफ्रॅमॅटिक हर्निया म्हणतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो. गर्भावस्थेच्या पहिल्या तिमाहीतच तो पूर्ण जुळून येतो. साधारण अडीच-तीन हजार जन्मांमागे एखाद्या बाळात त्याला भोक राहून जातं, बहुतेक वेळा डाव्या बाजूला. त्यातून आतडी, जठर, कधी यकृताचा भाग वर छातीत सरकतो. जिथे फुफ्फुसांनी वाढायचं ती जागा अडते. फुफ्फुसं लहान राहतात, त्यांतल्या रक्तवाहिन्याही नीट घडत नाहीत. आईच्या पोटात असेपर्यंत बाळाचं काही अडत नाही, कारण प्राणवायू नाळेतून येत असतो. नाळ कापली की खरी परीक्षा सुरू होते. भोक शिवणं हा त्यातला तुलनेने सोपा भाग. बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४६ मध्येच जन्मून एक दिवसही न झालेल्या बाळावर ती शस्त्रक्रिया यशस्वी केल्याची नोंद आहे. भोक शिवता येतं. फुफ्फुस शिवून मोठं करता येत नाही.

म्हणून डॉक्टर जन्माआधीच फुफ्फुस मोजतात. सोनोग्राफीत हृदयाचे चारही कप्पे दिसतील अशा पातळीवर, हर्निया ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध बाजूच्या फुफ्फुसाचं क्षेत्रफळ घेतात आणि त्याला डोक्याच्या परिघाने भागतात. ही पद्धत १९९६ पासून वापरात आली. पण गर्भाचं फुफ्फुस आणि डोकं एकाच वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे हा भागाकार आठवड्यागणिक बदलतो. यावर उपाय म्हणून पुढे, त्या आठवड्याच्या निरोगी गर्भात तो जितका अपेक्षित असतो त्याच्या किती टक्के इथे आहे, असं मोजायला सुरुवात झाली. पंचवीस टक्क्यांहून कमी आला तर आजार तीव्र मानतात. यकृत वर सरकलं आहे की नाही, हेही पाहतात. या मोजमापांवरून अशी किती बाळं वाचली याचे तक्ते तयार होतात, आणि तक्त्यावरून आकडा.

असा एक आकडा घेऊन एक तरुण माझ्याकडे आला होता. मी रायपूरला सदर बाजाराच्या मागच्या अंगाला राहतो. आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे गल्लीत कोणाला टक्के, व्याज, हप्ते समजून घ्यायचे असले की माझं दार वाजतं. सदर बाजार म्हणजे सराफा. आणि देशातल्या कुठल्याही सराफ्यात शिरलं की एखादा तरी मराठी बोलणारा माणूस भेटतो, तो सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला. दुष्काळी माणदेशातून बाहेर पडलेल्या या लोकांनी मुशीत सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा गावोगाव नेला. हा तरुणही त्यांच्यातलाच. पहिलटकरीण बायको, बावीसावा आठवडा, हातात इंग्रजी रिपोर्ट. डॉक्टरांनी हिंदीत समजावलं होतं. गावाकडे आईला फोनवर मराठीत सांगून झालं होतं.

"सर, पंधरा टक्के म्हंजे कसं धरायचं? जगतंय का न्हाई, एवढं सांगा."

त्याचा प्रश्न त्याच्या धंद्यातून आला होता, हे मला लगेच जाणवलं. सोन्याचा कस विचारला तर सराफ दागिना कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडतो, ठाऊक असलेल्या कसाच्या रेघेशी ती ताडून पाहतो आणि सांगतो. बावीस कॅरट म्हणजे हजारात नऊशे सोळा भाग सोनं. हे त्या दागिन्याविषयीचं विधान असतं. दागिना सदर बाजारात असो की विट्याच्या पेठेत, तेवढंच सोनं त्यात असतं. सराफाने तो आकडा मोठ्याने सांगितला म्हणून सोनं वाढत नाही की घटत नाही. त्याला वाटत होतं की डॉक्टरांनीही बाळाचा असाच कस काढला आहे. बाळात पंधरा भाग जगणं आहे आणि पंच्याऐंशी भाग मरण.

पण पंधरा हा बाळाचा कस नव्हता. तो काही बाळांच्या एका जमावाचा हिशोब होता. कुठे, कोणाच्या हातात, कोणत्या साली ती बाळं जन्मली, हे सगळं त्या हिशोबात मिसळलेलं होतं. त्यातून बाळाचा वाटा वेगळा काढायला कुठलंही तेजाब नाही.

हे नुसतं तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून या आजाराचा इतिहासच पाहू. एके काळी असं बाळ जन्मलं की ते तातडीच्या शस्त्रक्रियेचं काम समजलं जाई. लगोलग भोक शिवायचं आणि दबलेली फुफ्फुसं व्हेंटिलेटरच्या जोरावर फुगवायची. रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली आणण्यासाठी लहानशा फुफ्फुसांवर भला मोठा दाब दिला जाई. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले जेन-त्यिएन वुंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये एक वेगळी वाट मांडली. रक्तदाबाची अशीच गुंतागुंत असलेल्या नवजात बाळांवर त्यांनी जोर लावणं सोडलं. कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तर वाढू दिला, पण फुफ्फुस फाटू दिलं नाही. पुढे डायफ्रॅमॅटिक हर्नियातही हा हळुवारपणा आला. शस्त्रक्रियाही, बाळ आधी स्थिरावू दे मग करू, अशी पुढे ढकलली जाऊ लागली. जिथे हे नीट अमलात आलं तिथे वाचणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. भोक तेवढंच होतं, फुफ्फुसंही तेवढीच. बदलले ते हात. म्हणजे आधीच्या तक्त्यांतल्या मृत्यूंमध्ये काही वाटा उपचारांचा होता, आणि तो बाळाच्या नावावर लिहिला गेला होता.

दुसरा दाखला याहून बोलका आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकेल हॅरिसन यांनी गर्भातच शस्त्रक्रिया करण्याचं शास्त्र उभारलं. त्यांच्या गटाने गर्भाची श्वासनलिका काही काळ बंद करण्याचा उपाय तपासला. गर्भाचं फुफ्फुस द्रव स्रवत असतं. वाट बंद केली की द्रव साठतो आणि फुफ्फुस आतून ताणलं जाऊन वाढतं, असा त्यामागचा विचार. यकृत छातीत सरकलेलं आणि फुफ्फुसाचं माप कमी, अशीच बाळं या चाचणीत घेतली होती. उपाय झालेल्या अकरांपैकी आठ वाचली. उपाय न झालेल्या, फक्त जन्मानंतर चांगली देखभाल मिळालेल्या तेरांपैकी दहा वाचली. नुसत्या देखभालीने इतकी बाळं वाचतील अशी अपेक्षा नव्हती. चोवीस मातांनंतर चाचणी थांबवावी लागली, आणि २००३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्याविषयीचं भाकीत अंधारलेलं होतं त्या बाळांनी भाकीत खोटं पाडलं, असं वर्तमानपत्री वाक्य इथे लिहिता येईल. मला वाटतं, ती जिथे जन्मली तिथल्या अतिदक्षता विभागाने ते खोटं पाडलं.

आता त्या पंधराकडे येतो. तो आला युरोपातल्या यान डेप्रेस्ट यांच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या चाचणीतून. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. इथे फक्त तीव्र आजार असलेले ऐंशी गर्भ होते. अर्ध्यांच्या श्वासनलिकेत सत्ताविसाव्या ते एकोणतिसाव्या आठवड्यात दुर्बिणीतून इवलासा फुगा बसवला आणि चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास काढला. त्या चाळिसांपैकी सोळा बाळं वाचली, म्हणजे चाळीस टक्के. फुगा न बसवलेल्या चाळिसांपैकी सहा, म्हणजे पंधरा टक्के. फुग्याची किंमतही मोजावी लागली: त्या गटात चारांपैकी जवळजवळ तीन बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली. मध्यम तीव्रतेच्या गर्भांवरच्या जोडचाचणीत त्रेसष्ट आणि पन्नास टक्के असा फरक दिसला, पण तो योगायोगाने आलेला नाही असं म्हणण्याइतका पक्का नव्हता.

म्हणजे आमच्या गल्लीतल्या तरुणाच्या हातातला आकडा चाळीस बाळांवरून आला होता. सहा वाचली, चौतीस गेली. सगळी या कामात मुरलेल्या रुग्णालयांच्या देखरेखीखालची. आकडा खोटा नव्हता. मात्र तो ज्या मातीत उगवला ती माती त्याच्याबरोबर रायपूरला आली नव्हती.

इथे दोन उलट दिशांच्या चुका संभवतात. हॅरिसन आणि त्यांच्या नॉर्वेतल्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं होतं की या आजारातले बरेच मृत्यू मोठ्या रुग्णालयांच्या नोंदवहीत येतच नाहीत, कारण ती बाळं तिथे पोचण्याआधीच जातात. त्याला त्यांनी लपलेली मृत्युसंख्या म्हटलं. छत्तीसगडमध्ये हे समजायला शोधनिबंध लागत नाही. जगदलपूर ते रायपूर जवळपास तीनशे किलोमीटर. बस्तरच्या आतल्या पाड्यावर आजाराचा पत्ता नसताना असं बाळ जन्मलं, निळं पडलं, आणि कोणी गाडी करून निघालंच, तर तो रस्ताच एक गाळणी होतो. जे बाळ रायपूरच्या दारात जिवंत पोचतं त्याने सर्वांत अवघड परीक्षा आधीच दिलेली असते. मग दूरवरून बाळं येणाऱ्या रुग्णालयाची टक्केवारी चांगली दिसते, आणि जे रुग्णालय जन्माआधीच निदान करून सगळ्यात आजारी बाळं आपल्याकडे जन्मवतं त्याची वाईट. आकड्यांवरून पाहिलं तर वाईट काम करणारं चांगलं ठरू शकतं.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. समजा एखाद्या ठिकाणी डॉक्टरांनी मनाशी धरलं की इतक्या मापाखालचं बाळ वाचत नाही. मग काही आईबाप गर्भपात करून घेतील. जे करणार नाहीत त्यांच्या बाळासाठी जन्मावेळी पूर्ण धडपड होणार नाही. व्हेंटिलेटर एखाद्या अधिक आशादायक बाळाला मिळेल. वर्षाअखेर नोंद पाहिली तर त्या मापाखालचं एकही बाळ वाचलेलं नसेल. भाकीत शंभर टक्के खरं! पुढच्या वर्षी ते अधिक खात्रीने सांगितलं जाईल. यात कोणी लबाडी केलेली नाही. तरी भाकिताने स्वतःचा पुरावा स्वतः घडवला आहे. सोन्याच्या बाबतीत हे होऊच शकत नाही. कमी कसाचं म्हटलं म्हणून दागिन्यातलं सोनं उडून जात नाही.

मराठी माणसाला भाकिताची कसोटी घेण्याची परंपरा नवी नाही. जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि त्या सरमिसळ करून ज्योतिषांना पाठवल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली. बरोबर निघाली सेहेचाळीस टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. तेव्हा मी वर्गात ही चाचणी आनंदाने शिकवली. सोनोग्राफीचं भाकीत त्या अर्थाने पत्रिकेसारखं मुळीच नाही. ते तपासलेलं आहे, सुधारलेलं आहे, चुकलं तर चुकलं म्हणून छापलेलं आहे. पण ऐकणाऱ्याचे कान तेच असतात. पत्रिका ऐकायची सवय झालेला माणूस टक्केवारीही प्रारब्ध म्हणून ऐकतो. सांगणाऱ्याने ते लक्षात घेतलं नाही, तर तपासलेलं शास्त्र घरी जाईपर्यंत ललाटीचा लेख होतं.

हे कसं होतं ते मला त्या तरुणाच्या बोलण्यात दिसलं. रिपोर्टमध्ये आणि डॉक्टरांच्या तोंडी पंधरा होते. हिंदीतून येताना ते 'पंद्रह ही' झाले. गावाकडे फोन गेला तेव्हा 'पंधराच' झाले. आईने विचारलं असेल, "पंधराच व्हय?" तिकडून मामा म्हणाला असेल, "पंधरा तरी हायत ना." मराठीत एवढ्याशा 'च'ने आणि 'तरी'ने आकड्याला अर्थ चढतो, आणि संख्याशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हे शब्द नाहीत. पंधरा हे ज्ञान आहे. पंधराच हा निवाडा आहे. पंधरा तरी हाही निवाडाच आहे. तो कोणी करायचा, हा नैतिक प्रश्न इथे सुरू होतो.

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात एकदा फार उघडपणे येऊन गेला आहे. २००८ मध्ये निकेता मेहता यांच्या गर्भाला हृदयाचा गंभीर दोष असल्याचं निदान झालं. तेव्हा चोविसावा आठवडा होता आणि १९७१ च्या कायद्याने गर्भपाताची मर्यादा वीस आठवडे. त्यांचे डॉक्टर निखिल दातार आणि पती यांच्यासह त्या न्यायालयात गेल्या. न्यायालयाने जे. जे. रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या समितीचं मत मागवलं. बाळ विकलांग जन्मण्याची शक्यता समितीने आधी 'फेअर' म्हटली होती. नंतर तो शब्द बदलून 'लीस्ट' केला. ऑगस्टमध्ये परवानगी नाकारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच त्यांचा गर्भ आपोआप पडला. आजार वेगळा होता, पण पेच तोच. एका बाईचं पुढचं सगळं आयुष्य एका विशेषणावर लटकलेलं होतं, आणि ते विशेषण इतकं हलकं होतं की एका अहवालातून दुसऱ्यात जाताना उलटं झालं. २०२१ च्या दुरुस्तीने कायदा बदलला. काही गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवडे झाली, आणि गर्भात मोठा दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर आठवड्यांची अट उरली नाही. दार रुंद झालं, हे चांगलंच झालं. पण 'मोठा' म्हणजे किती, हे अजूनही कोणीतरी माणूसच ठरवतो.

यावर एक उपाय सुचवला जातो की असे आकडे आईबापांना सांगूच नयेत. आपल्या देशाला हा विचार अगदीच परका नाही. याच सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसणारी एक गोष्ट, मुलगा की मुलगी, सांगायला आपण कायद्याने बंदी केली आहे. देशात असा कायदा पहिल्यांदा केला महाराष्ट्राने, १९८८ मध्ये; केंद्राचा १९९४ चा. खरी माहिती असली तरी ती सांगितल्यावर काय होतं याचा विचार करावा लागतो, हे आपण मुलींच्या जिवाची किंमत मोजून शिकलो. मग हेही झाकून ठेवावं का?

मला तसं वाटत नाही. लिंग सांगितल्याने त्या मुलीसाठी कोणाला काही करता येत नव्हतं, तिच्याविरुद्ध मात्र करता येत होतं. इथे उलट आहे. आजार आधी कळला तर बाळ कुठे जन्मू द्यायचं हे ठरवता येतं, आणि या आजारात तोच सर्वांत मोठा निर्णय असू शकतो. त्या तरुणाच्या घरी ठरलं होतं की रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे सातव्या महिन्यात तिला खानापूर तालुक्यातल्या गावी नेऊन सोडायचं. ज्या बाळाला जन्मल्याच्या पहिल्या मिनिटापासून तज्ज्ञ हात लागणार, त्याच्यासाठी ही साधीशी, मायेची रीत पंधराचं शून्य करू शकते. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आकडा सांगितला होता, पण आकडा हलवता येतो, खाली आणि कदाचित वरही, हे सांगितलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी त्याला तीन प्रश्न लिहून दिले आणि म्हटलं, "पुढच्या वेळी दोघं मिळून जा, आणि हे विचारा." पहिला: हा आकडा कुठल्या बाळांवरून काढला आहे, आणि आमचं बाळ जिथे जन्मणार तिथे अशी किती बाळं आली, त्यांचं काय झालं? दुसरा: काय केलं तर हा आकडा बदलतो, ते कुठे होतं आणि त्याला खर्च किती? तिसरा: वाचलं, तर कसं वाचेल? कारण टक्केवारी फक्त घरी गेलेली बाळं मोजते. त्यांतल्या काहींना पुढे श्वासाचा, दूध पचण्याचा, ऐकण्याचा त्रास राहतो. काही शाळेत जाताना तुमच्या-माझ्या मुलांहून वेगळी ओळखू येत नाहीत. दोन्ही चित्रं आईबापांना आधी दिसली पाहिजेत.

खर्चाचा प्रश्न मी मुद्दाम घातला. सदर बाजारात राहणाऱ्याला माहीत असतं की या पेठेत सोनं लग्नासाठी जेवढं घेतलं जातं, तेवढ्याच मुकाट्याने ते दवाखान्यासाठी मोडलं किंवा गहाण टाकलं जातं. पाटल्या काउंटरवर येतात तेव्हा त्यांच्या मागे बहुधा कोणाचं तरी असंच एखादं भाकीत असतं. पंधरा टक्क्यांसाठी घरातलं सगळं सोनं मोडावं का, पहिल्या मुलाच्या शाळेचे पैसे लावावेत का, हे विचारणारा बाप निर्दय नसतो. तो तराजू धरून असतो, आणि त्याच्या पारड्यात आकड्याबरोबर आपण सर्वांनी उभारलेल्या किंवा न उभारलेल्या व्यवस्था असतात. जवळ चांगला नवजात विभाग असता, खर्च सरकारने उचलला असता, तर त्याचे पंधरा वेगळे असते. आपण मात्र त्याला सांगतो की तुझ्या बाळाचे पंधराच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. जन्माआधीचं भाकीत सांगणाऱ्याने त्यातला आपला वाटा वेगळा काढून दाखवायला हवा. 'या बाळाची शक्यता पंधरा टक्के' आणि 'अशा बाळांपैकी इतकी, अमुक ठिकाणी, अमुक उपचारांनी वाचली. आमच्याकडे इतकी' ही दोन वाक्यं गणितात जवळची असतील, नीतीत नाहीत. पहिल्या वाक्यात सगळा भार अजून न जन्मलेल्या जिवावर टाकला जातो. दुसऱ्यात डॉक्टर, रुग्णालय, रस्ता, सरकार, माहेरची रीत, सगळे आपापल्या जागी उभे राहतात आणि दिसू लागतात. दुसरं वाक्य लांब आहे, सांगायला वेळ लागतो, बाहेर ओपीडीत रांग असते, हे मला कळतं. पण ते ऐकल्यावर आईबाप जो निर्णय घेतील तो त्यांचा असेल. गर्भपाताचा असो की शेवटच्या श्वासापर्यंत झगडण्याचा, दोन्ही निर्णयांना मी सारखाच मान देईन. बाळाला यातना होऊ नयेत म्हणून थांबणारी आई आणि पंधरासाठी सोनं मोडणारी आई, दोघी प्रेमातूनच निर्णय घेत असतात. 'च' लावायचा की 'तरी' लावायचं, हा हक्क त्यांचा. तो आधीच वापरून टाकलेला आकडा त्यांच्या हाती देणं अन्यायाचं आहे.

त्या तरुणाचं आणि त्याच्या बायकोचं पुढे काय झालं, असं हे ऐकणारा प्रत्येक जण मला विचारतो. मी सांगत नाही, आणि केवळ त्यांच्या खासगीपणासाठी नाही. बाळ जगलं असं म्हटलं तर लोक म्हणतात, बघा, डॉक्टर चुकले. गेलं असं म्हटलं तर म्हणतात, उगाच आशा लावली. दोन्ही चूक. एका बाळाच्या जगण्याने पंधरा टक्के खोटे पडत नाहीत आणि एकाच्या जाण्याने खरे ठरत नाहीत. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे. आईबापांचा निर्णयही शेवट पाहून बरा-वाईट ठरवायचा नसतो. त्या दिवशी त्यांना काय कळत होतं, कोणी किती खरं सांगितलं होतं आणि त्यांनी एकमेकांना किती विचारलं, एवढ्यावरच तो तोलता येतो.